रुक्माक्काचा रेकॉर्ड आणि रूलबुक साहेब

पळणाऱ्या माणसांकडे मेडलं कमी आणि किस्से फार, असं का होतं ते मला कळलंय. पळताना तोंड बंद ठेवावं लागतं. मग पळून झाल्यावर घामेजलेले मोजे काढून स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसलं, हातात दोघांत एक अशा बाय-टू कॉफीचा अर्धा ग्लास आला, की तासभर तुंबलेलं बोलणं एकदम सुटतं. आमच्या टोळीला तर भांडायला कायमचा विषय होता : जगातला कुठला रेकॉर्ड खरा आणि कुठला खोटा!

काळ नव्वदच्या दशकातला. मी पुण्याहून बंगलोरला आलो होतो, बोम्मसंद्राच्या एका पार्ट्सच्या कारखान्यात क्वालिटीला होतो. दर रविवारी सकाळी आम्ही कारखान्यातले पळणारे शहरात ट्रॅकवर जमायचो. कोच होते तुकोजी अण्णा, आमच्याच टूलरूममधले फिटर. त्यांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी मराठ्यांच्या फौजेबरोबर इकडे आले ते इथलेच झाले. दुसरा श्रीकांत, नागपूरचा, आमच्या कॉम्प्युटर विभागातला, प्रत्येक गोष्टीचा आलेख काढणारा.

आणि रुक्माक्का. आनेकलची, वय चौतीस, पॅकिंगला टेंपररी. घरी मराठी बोलायची, पण मधे मधे कन्नड. माझ्या मराठीला ती ‘पेपरातली मराठी’ म्हणायची. तिला मॅनेजरने सांगितलं होतं, दहा हजार मीटरचा रेकॉर्ड तुझ्या नावावर लागू दे, सर्टिफिकेट आण, स्पोर्ट्स कोट्यात परमनंट करतो. ॲथलेटिक्स संघटनेच्या वहीतला बायकांचा रेकॉर्ड होता अडतीस मिनिटं दहा सेकंद. रुक्माक्का तो मोडू शकते हे आम्हाला माहीत होतं. वहीत तो लिहून घेणं किती अवघड आहे, हे मात्र माहीत नव्हतं.

०

आमच्या टोळीचा एक नियम होता. कुणाच्या रेकॉर्डला खोटा म्हणायचं असेल, तर आधी त्या वेगाने ट्रॅकचा एक राउंड पळायचा, मग तोंड उघडायचं. नियम अण्णांचा.

एकदा पेपरात बातमी आली, परदेशातल्या एका मुलीने दहा हजारचा विश्वविक्रम चक्काचूर केला. श्रीकांतने पेपर आपटला. “शक्यच नाही! औषध आहे हे!”

अण्णांनी शांतपणे खिशातून घड्याळ काढलं. “एक राउंड बहात्तर सेकंदांच्या आत. पळ.”

श्रीकांत जिवाच्या आकांताने सुटला. तीनशे मीटरपर्यंत तो पळत होता, नंतरचे शंभर नुसता हात हलवत होता. एकोणऐंशी सेकंद! येऊन गवतावर पालथा पडला.

“असेच आणखी चोवीस,” अण्णा म्हणाले. “बोल आता, काय बोलायचंय ते.”

श्रीकांतने मान वर केली. “अण्णा, ते औषध कुठे मिळतं?”

सगळे हसलो. रुक्माक्का नाही हसली. ती बुटाची नाडी बांधत म्हणाली, “पुरुष जोरात पळाला की घड्याळ बघतात. बाई पळाली की आधी बाटली शोधतात.” तेव्हा मला वाटलं, ही उगाच मनाला लावून घेतेय. वर्षभरात माझे कान उपटले गेले.

०

श्रीकांतला अन्याय दिसला नाही असा एक दिवस जात नसे. पुढच्या रविवारी त्याने नवीन काढलं. आफ्रिकेतले पळणारे डोंगरावर राहतात, तिथली हवा विरळ, म्हणून रक्त घट्ट, म्हणून ते जिंकतात. हे फेअर कसं?

अण्णांनी विचारलं, “बंगलोर किती उंच आहे रे?”

“तीन हजार फूट.”

“आणि तुझं नागपूर?”

“हजार असेल.”

“मग गेल्या महिन्यात नागपूरला जाऊन भावाला हरवून आलास, ते मेडल परत कर की!”

मेडल त्याने परत केलं नाही. पण आफ्रिकेचा विषय त्या दिवसापासून बंद झाला.

०

औषधवाले खरंच असायचे, बरं का. आम्ही काही भोळेभाबडे नव्हतो. स्टेडियमच्या गेटपाशी एक गोरागोमटा गृहस्थ ब्रीफकेस घेऊन घुटमळायचा. एका रविवारी त्याने रुक्माक्काला गाठलं. “मॅडम, तीन महिन्यांचा कोर्स. दोन मिनिटं सहज कमी होतात. कुणाला कळत नाही.”

अण्णा मधे पडले. “तू स्वतः घेतोस काय रे?”

“छे छे अण्णा!” तो दचकला. “मला हार्टचा त्रास आहे!”

या जमातीचा मला अजून संताप येतो. ते नुसती शर्यत चोरत नाहीत. त्यांच्यामुळे प्रामाणिक पळणाऱ्यांवरसुद्धा संशय येतो, आणि तो संशय आधी कुणावर पडतो? ज्याच्यामागे कुणी नाही त्याच्यावर.

०

आता बुटांचा किस्सा. माझ्या मेहुण्यांनी परदेशातून माझ्यासाठी पळायचे बूट आणले. टाचेत हवा भरलेली, खाली जाड मऊ सोल. पण माप चुकलं, माझी बोटं मावेनात. रुक्माक्काने दोन मोजे चढवून घातले आणि कारखान्यांच्या स्पर्धेत उतरली. बायकांची दहा हजार ठेवलीच नव्हती, म्हणून तिला पुरुषांच्या शर्यतीत उभं केलं. अकरा पुरुष आणि ती. वेळ आली छत्तीस पंचावन्न! रेकॉर्डपेक्षा सव्वा मिनिट कमी!

आम्ही नाचत होतो तेवढ्यात मुख्य पंच आले. यांना सगळे रूलबुक साहेब म्हणायचे. नियमांचं पुस्तक बगलेत असायचं आणि ते कधी उघडलेलं कुणी पाहिलं नव्हतं. (ते कन्नडमध्ये बोलले, मी मराठीत सांगतोय.)

“हा रेकॉर्ड धरता येणार नाही. बुटात स्प्रिंग आहे.”

त्यांनी एक बूट काढायला लावला, वाकवला, दाबला, कानाशी नेऊन हलवलासुद्धा. अण्णांनी दुसरा बूट पुढे केला. “जोडी घ्या सार. घालून तुम्ही पळा. रेकॉर्ड मोडला तर तुमचं नाव लिहू.”

साहेबांचा चेहरा तांबडा झाला. “शिवाय ती पुरुषांच्या मागे पळाली. वारा अडला, वेग मिळाला. ही पुरुषांची मदत झाली.”

रुक्माक्का धापा टाकत होती, तरी पुढे आली. “मागे कुठे सार? सहा जण माझ्या मागे होते. मदत कुणाला झाली, त्यांना विचारा की!”

ते सहा जण तोवर पाणी प्यायला निघून गेले होते. वहीत काहीच लिहिलं गेलं नाही, आणि सोमवारी रुक्माक्का पुन्हा टेंपररी म्हणून पॅकिंगला उभी राहिली.

०

पुढचा घोळ आमच्याच माणसाने घातला. श्रीकांतने प्रोग्राम लिहिला. वय, वजन, छातीला पट्टा बांधून मोजलेले ठोके, सगळं त्यात घातलं. प्रिंटरने घरघर करत कागद बाहेर काढला : या व्यक्तीची दहा हजार मीटरची सर्वांत चांगली शक्य वेळ, अडतीस मिनिटं चाळीस सेकंद.

आणि हा दीडशहाणा कौतुकाने तो कागद दाखवायला रूलबुक साहेबांकडेच गेला! त्यांनी कागद घेतला आणि फाइलला लावला. “बघा, कॉम्प्युटरसुद्धा म्हणतो, अशक्य आहे. मग छत्तीस पंचावन्न कसं आलं?”

श्रीकांत रडकुंडीला येऊन परतला. अण्णा त्याच्याशी आठ दिवस बोलले नाहीत. रुक्माक्काने मात्र त्याच्या हातात कॉफी दिली. “जाऊ दे रे. तुझ्या त्या पेटीला एकदा सहाच्या आनेकल बसमागे पळव. मग विचार तिला, काय शक्य आहे ते.”

०

पण त्या कागदाने व्हायचं ते नुकसान केलं. संघटनेला निनावी पत्र गेलं, बाई औषध घेते. मग पुढच्या मोठ्या स्पर्धेत तीन हजारची शर्यत संपल्यासंपल्या रुक्माक्काला तपासणीच्या खोलीत नेलं. लघवीचा नमुना द्यायचा, तोही एका बाईच्या नजरेसमोर.

उन्हात पळून शरीरातलं पाणी संपलेलं. नमुना यायचा कुठून? एक तास झाला, दोन झाले. अण्णा दारातून एळनीर, म्हणजे शहाळी, आत पाठवत होते. तीन शहाळी, दोन बाटल्या पाणी, एक ताक. काही नाही! ती पहारेकरी बाईसुद्धा शेवटी नळ सोडून बसली.

तीन तासांनी काम झालं. फॉर्म आला : गेल्या दोन दिवसांत काय काय घेतलं ते लिहा. रुक्माक्काने लिहिलं : रागीमुद्दे (म्हणजे नाचणीचे गोळे), पालेभाजीचं सारू, हुरळीची (कुळथाची) उसळ, पुन्हा रागीमुद्दे. डॉक्टर म्हणाले, “अहो, औषधं लिहायची.” ती म्हणाली, “मग नीट विचारा की सार. मला वाटलं, कुणीतरी जेवणाची चौकशी केली.”

बाहेर आली ती ताठ मानेने. पण बसच्या थांब्यावर तिने तोंड फिरवून पदराने डोळे पुसले. मी म्हटलं, “नमुना आता दिल्लीच्या लॅबला जाईल. स्वच्छच येणार.”

“दिल्लीला? कसा?”

“विमानाने.”

ती खो खो हसायला लागली. “अय्यो! मी अजून हुबळीच्या पुढं गेले नाही, आणि माझं ते विमानानं दिल्लीला!”

रिपोर्ट स्वच्छ आला. रुक्माक्काने तो प्लॅस्टिकमध्ये घालून आणला आणि रूलबुक साहेबांच्या टेबलावर ठेवला. “मी स्वच्छ असल्याचा माझ्याकडे कागद आहे सार. तुमच्याकडे आहे काय?”

०

साहेब हटले नाहीत, पण अडकले. त्यांनी बायकांची स्वतंत्र दहा हजार ठेवली. अटी सांगितल्या : ते बूट नकोत, मनगटाला घड्याळ नको, ट्रॅकवर पुरुष नको. आणि आमच्याकडे बोट करून, “पायऱ्यांवरून यांचा एक शब्द जरी आला, तरी मदत समजून शर्यत रद्द!”

रुक्माक्का अनवाणी उभी राहिली. बाकी दोघी होत्या, त्या आठव्या राउंडला बाहेर पडल्या. मग मातीच्या ट्रॅकवर ती एकटी. आम्ही तोंडं शिवल्यासारखे बसलो. अण्णांच्या डाव्या खिशात पंचवीस चिंचोके होते, एक राउंड झाला की एक चिंचोका उजव्या खिशात जाई.

साहेबांचं ट्रॅककडे लक्षच नव्हतं. ते आमच्यासमोर उभे राहून आमच्या ओठांवर पहारा करत होते. पंधराव्या राउंडला श्रीकांतला शिंक आली. साहेब धावत आले. “काय म्हणालास? आकडा सांगितलास?” तो बिचारा हातानेच नाही नाही म्हणत होता. ही चौकशी ऐकायला पलीकडचा, पाटीवर उरलेल्या राउंडांचे आकडे उलटणारा माणूसही चार पावलं पुढे आला. तेवढ्यात त्याच्या पाठीमागून रुक्माक्का निघून गेली. आकडा तसाच राहिला!

चोविसावा राउंड संपला. शेवटच्या राउंडची घंटा वाजायला हवी होती. वाजली नाही. पाटीवर अजून दोन बाकी! श्रीकांतने माझा गुडघा इतका आवळला की वळ उठले. ओरडावं तर शर्यत रद्द, गप्प बसावं तर रेकॉर्ड हातचा जातोय. पंचविसावा संपला तेव्हा माझ्या घड्याळात होते छत्तीस एकोणचाळीस. अण्णांचा डावा खिसा रिकामा झाला होता. आणि आता घंटा वाजली!

रुक्माक्काने पाटीकडे पाहिलं. मग एकदा आमच्याकडे पाहिलं. ती राउंड बोटांवर मोजायची, तिला चुकणं शक्य नव्हतं. थांबली असती तर साहेबांनी ‘अंतर अपुरं’ लिहिलं असतं. ती थांबली नाही. मान खाली घातली आणि आधीच्यापेक्षा जोरात निघाली. मी त्या वेळी उघड उघड रडत होतो, आवाज न करता.

तिने रेघ ओलांडली. पंचांची तिन्ही घड्याळं एकच वेळ दाखवत होती, अडतीस सहा. जुन्या रेकॉर्डपेक्षा चार सेकंद कमी.

अण्णा उठले. “सार, आता बोललं तर चालेल काय?”

आणि त्यांनी पंचवीस चिंचोके टेबलावर ओतले. “हे तिचे दहा हजार मीटर. त्यानंतर एक राउंड आणखी पळवलात तुम्ही.” आकडेवाल्याने मान खाली घातली. शिंकेच्या वेळी राहिला, असं तो पुटपुटला.

साहेब मटकन बसले. “मग... पंचविसाव्या राउंडची वेळ कुणाकडे आहे?”

“आमच्याकडे,” अण्णा म्हणाले. “पण आमचं घड्याळ तुमच्या पुस्तकात बसत नाही.”

साहेबांनी पेन उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. समोर वही. रुक्माक्का बाकावर बसून तळपायात रुतलेले खडे काढत होती. तिने वर न बघताच सांगितलं :

“अडतीस सहाच लिहा सार. एक राउंड जास्तीचा झालाय, तो ठेवून द्या. माझ्यानंतर जी बाई येईल, तिला एक कमी पळवा.”