चिऊ म्हणायचं नाही

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. चौकातला उतारा बिनधास्त ओलांडून कंपनीची बस पकडणाऱ्यांतली मी. घाबरायचंच असेल तर आमच्या सोसायटीचे चेअरमन पुरेसे आहेत! तरीही हे लिहितेय, कारण पुन्हा थंडी पडायला लागलीय आणि माझा जीव थाऱ्यावर नाही...

आम्ही म्हाळुंगेला राहतो, चौथ्या मजल्यावर. मी, नवरा आणि मुलगी ईशानी. हे सगळं सुरू झालं तेव्हा ती तीन वर्षांची होती. ईशानी हे नाव फक्त कागदोपत्री, घरात सगळे तिला चिऊच म्हणायचे.

बाल्कनी नावाला आमची, ताबा पारव्यांचा. सगळीकडे घाण, पिसं आणि उजाडल्यापासून ते घुमणं. चिऊचा खोकला काही केल्या हटेना, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "हिच्या छातीला पारवे चालणार नाहीत. एकतर ते जातील, नाहीतर तुम्ही घर बदला." मग जुन्या सीड्या टांगल्या. प्लॅस्टिकचं घुबड आणलं — पारवे आरामात त्याच्या डोक्यावर बसायचे. शेवटी जाळी लावून घेतली, तर ते जाळीबाहेर कठड्यावर बसून घुमायला लागले. पिसांची धूळ आत यायची ती यायचीच.

संक्रांत जवळ आली होती. सकाळी डबे भरत असताना बाहेरून एका बाईचा खणखणीत आवाज आला, "हाऽऽ होऽऽ! हुर्रर्र!" आणि सगळे पारवे एकदम उडाले. खाली वाकून पाहिलं, कोणीच नाही. मग रोज तेच. आवाज खालून यायचा नाही, वरूनही नाही... अगदी आमच्या बाल्कनीच्या समोरून यायचा. आणि समोर नुसती हवा आहे.

"कोणीतरी स्पीकर लावला असेल," नवरा म्हणाला. "फुकटात काम होतंय ना? मग चौकशा कशाला?"

मीही चौकशी केली नाही. पारवे गेले, चिऊचा खोकला थांबला, मला खरंच हायसं वाटलं. फक्त अधूनमधून बाल्कनीत काळ्या मातीची ढेकळं सापडायची, लिंबाएवढी. जाळी कुठेही फाटलेली नव्हती, आणि तिच्या भोकातून लिंबू काय, बोरसुद्धा गेलं नसतं.

मंदाकाकू तिळगूळ द्यायला आल्या, तेव्हा मी त्यांना एक ढेकूळ दाखवलं. आमची बिल्डिंग त्यांच्याच जमिनीवर उभी आहे, त्या शेजारच्या विंगमध्ये राहतात. त्यांनी ते हातात घेऊन चुरगाळलं.

"ही आमच्या रानाची माती हाय गं. हितं जोंधळा असायचा. आमच्या सासूबाई माळ्यावर उभं राहून गोफणीनं पाखरं हाकायच्या. नेम असा पक्का, की चिमणीसुदिक सुटायची न्हाई. लई वर्सं झाली त्यास्नी जाऊन."

मी हसले.

दुसऱ्याच दिवशी चिऊ बाल्कनीत भातुकली मांडून बसली होती. मी स्वयंपाकघरातून हाक मारली, "चिऊ, दूध प्यायला ये गं!"

"हुर्रर्र!" आणि तिच्या कानाशेजारी भिंतीवर ढेकूळ फुटलं. मी धावले. तिच्या केसांत माती, ती अंग चोरून बसलेली. "चिऊ!" मी ओरडले, तसा दुसरा फटका माझ्या पाठीत बसला. तिला उचलून आत आणलं आणि दाराला कडी घातली.

"आई, ती आजी मला हाकलते," ती म्हणाली.

पाठीवरचा काळानिळा डाग पाहिल्यावर नवऱ्याने स्पीकरचं नाव काढलं नाही. मंदाकाकूंना बोलावलं. ऐकून त्यांचा चेहरा उतरला. डोक्यावर पदर घेऊन त्या बाल्कनीत गेल्या आणि समोरच्या हवेला, सासूपुढे जोडावेत तसे हात जोडून म्हणाल्या, "आत्याबाई, लेकरू हाय ते. पाखरू न्हाई." मग आत येऊन मला म्हणाल्या, "तुमीबी तिला आता नावानंच हाक मारत जा."

त्या दिवसापासून घरात 'चिऊ' बंद. आजी-आजोबा, पाळणाघरातल्या ताई, सगळ्यांना बजावलं. कारण विचारलं तर सांगायचे, शाळेत घालायचंय, खऱ्या नावाची सवय नको का?

त्यानंतर एकही ढेकूळ आलं नाही. उन्हाळा लागला तसा तो आवाजही थांबला. पारवे परत आले, पाठोपाठ ईशानीचा खोकलाही. फ्लॅट विकायला काढलाय, अजून गिऱ्हाईक नाही. आणि परवा सकाळी पुन्हा तीच हाक ऐकली... "हाऽऽ होऽऽ!" पारवे उडाले. मला आधी बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचीच भीती वाटली.

हे काय आहे, मला आजही कळलेलं नाही. स्पीकर म्हणा, भास म्हणा, पण पाठीतला फटका भास नव्हता.

काल वेणी घालताना ईशानीने विचारलं, "आई, तू मला आधी काय म्हणायचीस गं?"

बाल्कनीचं दार बंद होतं, कडी लावलेली होती. तरी मी तिच्या कानाशी वाकले आणि "ईशानी," एवढंच म्हणाले.