पाणी किती वाजता वळतं

माझं शिक्षण चौथी. तीही पुरती नाही, कारण परीक्षेच्या दिवसांत मोठ्या बहिणीचं बाळंतपण निघालं आणि मी पाळण्याची दोरी धरून बसले. पण पावकी, निमकी, पाऊणकी मला पाठ होती, आणि पाऊणकीचा उपयोग मला शाळेने नाही, बाबांनी शिकवला.

आमचं घर नेरूळकडचं, खाडीच्या पार आतल्या अंगाला. भाताची खाचरं खाऱ्या पाण्याला लागून. मध्ये मातीचा बांध आणि बांधाला फळ्यांचं एक दार. सुकतीला, म्हणजे ओहोटीला, दार उघडून शेतातलं पाणी सोडायचं, आणि भरती चढायच्या आत फळ्या लावून चिखल थापायचा. हे काम गावात पाळीनं असे. बाबांची पाळी आली की ते मला शेजारी बसवायचे आणि विचारायचे, आज तिथी कोणती. मी सांगायचे तीज. मग ते म्हणायचे, तिथीची पाऊणपट कर, बारांत मिळव, वर अर्धा तास टाक, तेव्हा भरती पुरी. त्याच्या सहा तास आधी सुकती पुरी. तीन पाऊणे सव्वादोन. वर अर्धा तास, पावणेतीन. म्हणजे सकाळी पावणेनऊला पाणी वळणार. आणि वळायचं, बरं का. मी बांधावर उभी राहून कितीदा पाहिलंय. नऊ-दहा वर्षांच्या पोरीला वाटायचं की समुद्र माझं ऐकतो.

एकोणीसशे साठच्या आगेमागे माझं लग्न झालं आणि मी मोऱ्याला आले. आमच्या गावापासून काही फार लांब नाही, पण तिथलं सगळंच वेगळं. माहेरी चिखल, इथे खडप, म्हणजे पाण्याखालचे काळे कातळ, सुकतीला उघडे पडणारे. समोर खुलं पाणी आणि त्यापलीकडे मुंबई. घरातले पुरुष होडीवर, आणि बायका मोठ्या सुकतीच्या चार-पाच दिवसांत खडपात कालवं काढायला. हातात लोखंडी टोचा, डोक्यावर टोपली. किनारा आणि खडप यांच्यामध्ये एक खोल चर होता. जाताना त्यात घोट्याएवढं पाणी. तोच चर पाणी वळल्यावर सगळ्यात आधी भरायचा, म्हणून कधी परतायचं याला फार महत्त्व. आणि ते ठरवायची माझी सासू.

सासूला मी आय म्हणायचे. तिला तिथी कळायची, पण घड्याळ कळत नव्हतं आणि तिला त्याची गरजही नव्हती. ती चराच्या कडेला बसून कालवं काढायची, एक पाय कायम पाण्यात. मध्येच थांबायची. मग पाय बाहेर काढायची, टोपली उचलायची आणि म्हणायची, चला. आम्ही सहा-सात जणी निमूटपणे उठायचो. आय, कशावरून? असं मी एकदा विचारलं. तिनं माझ्याकडे असं बघितलं की जणू मी विचारलं होतं, भूक लागलीय ते कशावरून. म्हणाली, पायाला कळतं.

आता माझ्याकडे काय होतं, तर बाबांनी लग्नात जावयाला दिलेलं मनगटी घड्याळ. माझा नवरा ते घालत नसे, खाऱ्या पाण्यानं खराब होईल म्हणून खुंटीला टांगलेलं. मी ते पदराच्या गाठीत बांधून खडपात न्यायला लागले. तिथी पाहायची, पाऊणपट करायची, वेळ काढायची. आणि दर वेळी एकच गोष्ट दिसायची. माझ्या हिशोबानं निघायला अजून वेळ असायचा आणि आय उठलेली असायची. अर्धा तास आधीच. टोपल्या अर्ध्या रिकाम्या, ऊन अजून कोवळं, आणि ही म्हणतेय चला.

मला वाटलं, म्हातारी घाबरट आहे. तोंडावर कोण बोलणार? पण शेजारीण होती एक, आमच्या बाजूच्याच घरातली, तिला मी बोलून गेले. तिला ते बरंच वाटलं, कारण तिच्या घरी खाणारी तोंडं नऊ. तिनं चार जणींना सांगितलं. मग त्या मला आदल्या दिवशीच विचारायला यायच्या, उद्या किती वाजता गो, घड्याळवाली? चेष्टाच होती, पण विचारत होत्या. आदल्या दिवशी वेळ कळली की भात कधी टाकायचा, पोराला कोणाकडे ठेवायचं, सगळं ठरवता येतं. आयला विचारलं तर ती म्हणायची, सकाळी बघू.

खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायला लागलं होतं. मी त्या घरात सगळ्यात नवी. मासळी निवडताना चुका माझ्या, चुलीवर धूर माझा, बोलणी खायची मीच. एवढी एकच गोष्ट होती जी मला येत होती आणि कोणालाच येत नव्हती. मला एकच पाहिजे होतं, की त्या बायकांनी खडपातून माझ्या शब्दावर उठावं.

परवा आमच्या सोसायटीतल्या एका सुनेनं मोबाइलवरून मला वीसेक प्रश्न विचारले आणि निकाल दिला की आजी, तुमची डोक्याची डावी बाजू जोरात आहे. डावी म्हणे हिशोबाची, उजवी अंदाजाची. माणूस एका कुठल्या तरी बाजूचा असतो. मी तिला म्हटलं, असेल बाई. पण आमच्या खडपात त्या वर्षी अगदी अशाच दोन बाजू पडल्या होत्या. तीन जणी आयच्या, तीन जणी माझ्या. आणि माझ्या बाजूला कोण, तर आयची स्वतःची मुलगी, माझी नणंद. सतरा वर्षांची, लग्न ठरलेलं, महिन्यावर आलेलं. ती मला वैनी वैनी करत मागे असायची. तिलाही पाऊणकी शिकायची होती.

तर त्या दिवशी तीज होती. मी आदल्या दिवशी सांगून ठेवलं होतं, पावणेनऊला पाणी वळणार, त्यानंतरही तासभर काही भीती नाही, दहाला निघू. नऊ वाजून गेले असतील तेव्हा आयनं पाय बाहेर काढला.

ती म्हणाली, “चला.”

कोणी उठेना. शेजारीण माझ्याकडे बघायला लागली. मी गाठ सोडून घड्याळ पाहिलं आणि म्हटलं, “आय, अजून बराच वेळ हाय. पानी आता कुठं वळलंय.”

“कवाच वळलंय गो.”

“मी हिशोब केलाय.”

आय काही चिडली वगैरे नाही. तिनं टोपली डोक्यावर घेतली. आपल्या मुलीला फक्त विचारलं, “तू येतंस?” नणंद म्हणाली, “मी वैनीसंगं येतंय.” आय तिच्या बाजूच्या तिघींना घेऊन चर ओलांडून गेली. गुडघ्याएवढं पाणी होतं तेव्हा. मला वाटलं घरी जाईल. ती गेली नाही. किनाऱ्यावर बसून राहिली, आमच्याकडे तोंड करून. तिच्याबरोबरच्या गेल्या निघून.

आम्ही चौघी कालवं काढत राहिलो. खरं सांगते, मला त्या वेळी आनंदच होत होता. टोपली भरत होती. पाठीमागे चराकडे मी बघितलं नाही, कारण बघायचं कारण नव्हतं, घड्याळ होतं ना. शेवटी शेजारणीनंच मान वर केली आणि ती नुसती उभी राहिली. चर दिसतच नव्हता. मधले दगड बुडालेले, आणि पाणी ओढीनं आत चाललेलं. घड्याळात दहाला पाच कमी.

शेजारीण उंच होती, ती आणि दुसरी अशा दोघी टोपल्या डोक्यावर धरून छातीएवढ्या पाण्यातून गेल्या. मला पोहता येत होतं, खाडीची पोर मी. नणंदेला येत नव्हतं. मोऱ्याला राहून पोहता येत नव्हतं, कारण मुलींना कोण शिकवतंय. मी तिचा हात धरला आणि आम्ही उतरलो. मधोमध तिचा पाय कालवाच्या शिंपेवर पडला. ती धार कशी असते ते ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. तिनं पाय उचलला आणि ओढीनं ती आडवी झाली. हात माझ्या हातातून सुटला. टोपली गेली. मी बुडी मारली, पाणी गढूळ, काही दिसेना.

आय पाण्यात उतरलेलीच होती. आम्ही खडपावरून पाय खाली टाकला तेव्हाच ती उतरली असणार, नाहीतर एवढ्या लवकर पोचली नसती. ती पोहत नव्हती, चराच्या तळाच्या दगडांवरून चालत आली, मानेपर्यंत पाण्यात. कुठला दगड कुठे आहे हे तिच्या पायांना माहीत होतं. तिनं नणंदेची वेणी धरली. वेणीला धरून तिला ओढलं, मग काखेत घेतलं, आणि तशीच उलटी चालत किनाऱ्याला आली. मी मागून.

नणंद खूप पाणी प्यायली होती. ओकली, खोकली, मग रडली. तळव्याला एवढी मोठी चीर. आयनं स्वतःच्या पदराची पट्टी फाडून बांधली. मला वाटत होतं तिनं माझ्या थोबाडीत मारावी.

घरी मला कोणी काही म्हटलं नाही, आणि त्याहून वाईट काही नसतं. नणंदेचा पाय सुजला, ताप आला, लग्न पुढे ढकलायचं बोलणं निघालं. मी घड्याळ परत खुंटीला टांगलं. शेजारीण दारावरून जाताना माझ्याकडे न बघता जायला लागली. चौघींपैकी एकीनं तर सगळीकडे सांगितलं की सुनेनं नणंदेला बुडवली असती. खरंच होतं, काय बोलणार? पण मला आतून एकच कळत नव्हतं. हिशोब चुकला कुठे? रात्रंदिवस मी पाऊणकी मोजत होते. तीन पाऊणे सव्वादोनच. बाबांच्या बांधावर तो कधी चुकला नव्हता.

आठवड्यानं आय माझ्याजवळ येऊन बसली. मी सुके बोंबील निवडत होते. म्हणाली, तुझा हिशोब सांग. मला वाटलं आता बोलणी बसणार. मी सांगितलं, तिथीची पाऊणपट, बारांत मिळवायची, वर अर्धा तास. तिनं परत विचारलं. मी परत सांगितलं. तिसऱ्यांदा तिनं मला वरच्या अर्ध्या तासापाशी थांबवलं.

“तो कशाचा?”

“बाबा सांगायचे. तसाच हाय तो.”

“कुठं सांगायचे?”

“बांधावर. घरी.”

तिनंही एक बोंबील निवडायला घेतला. मग म्हणाली, “पानी समुद्रातून येतं. आधी आमच्या दारात येतं. मग तुझ्या बापाच्या. तेवढं चालायला त्याला वेळ नको?”

तो अर्धा तास हिशोबाचा नव्हताच. तो बाबांच्या गावचा होता. कोण्या जुन्या माणसानं त्या बांधावर उभं राहून, रोज बघून बघून, तो वर टाकला असणार, आणि मी तो गाठोड्यात बांधून मोऱ्याला आणला होता, जसं काही पाणी सगळीकडे एकदमच वळतं. आणि हे मला, हिशोबवालीला, कळलं नाही. जिला घड्याळ कळत नव्हतं तिनं बसल्या बसल्या काढलं. त्यासाठी ती आठवडाभर विचार करत होती, हे तिनं मला खूप वर्षांनी सांगितलं. मला वाटायचं ती नुसती पायानं विचार करते.

नणंदेचं लग्न ठरल्या दिवशीच झालं. लंगडत सात पावलं चालली.

पुढच्या मोठ्या सुकतीला आदल्या दिवशी ओट्यावर बायका जमल्या तेव्हा मी आत चुलीपाशी होते, बाहेर यायची माझी छाती नव्हती. आयनं सगळ्यांसमोर मोठ्यानं हाक मारली आणि विचारलं, “उद्या किती वाजता वळतंय गो?” मी आतूनच सांगितलं, अर्धा तास काढून. शेजारीण म्हणाली, “मी नाय जायची हिच्या वेळंवर.” आय म्हणाली, नको जाऊ. पण दुसऱ्या दिवशी ती आलीच. आली आणि आयच्या आणि माझ्या मध्ये जाऊन बसली. दोघी उठल्या तरच मी उठणार, असं तिनं जाहीर केलं. त्यानंतर कितीतरी वर्षं ती तशीच मध्ये बसायची.

बहुतेक वेळा आम्ही दोघी पाच-दहा मिनिटांच्या फरकानं एकच सांगायचो. एकदाच, फाल्गुनात, वारा समुद्राकडून जोरात होता. माझ्या घड्याळात अजून वीस मिनिटं बाकी होती आणि आयनं पाय बाहेर काढला. चला म्हणाली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली. बायका कधी तिच्याकडे, कधी माझ्याकडे. मी घड्याळ गाठीत बांधलं, टोपली डोक्यावर घेतली आणि म्हटलं, चला. सगळ्या उठल्या. शेजारीण तेवढी पुटपुटली, की घड्याळ बिघडलंय वाटतं हिचं. चर ओलांडताना पाणी गुडघ्याच्या वर आलेलं होतं.