बिऱ्हाडाची मागणी

अमरावतीला कॉलेजात गेले, त्या पहिल्याच संध्याकाळी माझं नाव गेलं. राहायला गेले त्या घराच्या दारात एका उंच, सावळ्या मुलीनं माझी ट्रंक एका हातानं उचलली आणि विचारलं, "कोनत्या गावची वं?" मी म्हटलं, तेल्हाऱ्याची. ती आत तोंड करून ओरडली, "पोरीहो, तेल्हारा आली!" तेव्हापासून मी तेल्हारा. ती स्वतः चांदूर, म्हणजे चांदूर बाजारची.

साठ सालाच्या आसपासची ही गोष्ट. वसतिगृह म्हणावं इतकं ते घर मोठं नव्हतं. कॉलेजपासून दहा मिनिटांच्या चालीवर एका विधवा शिक्षिकेचं कौलारू घर, त्यात चौदा मुली, दोन चुली आणि मागे विहीर. मुली त्याला बिऱ्हाड म्हणायच्या. बाई दिवसभर शाळेत असायच्या, आणि घर मुलींच्या रीतींवर चालायचं. त्या रीती कुणी घातल्या हे कुणालाच ठाऊक नव्हतं, पण मोडायची छाती कुणाची नव्हती.

पहिली रीत नावाची. आडनाव चपलेसारखं उंबऱ्याबाहेर काढायचं आणि गावाच्या नावानं आत यायचं. वऱ्हाडात आडनाव कळलं की माणसाला कुठं बसवायचं आणि पाणी कशातून द्यायचं हे लगेच ठरतं. त्यावर आमच्या आधीच्या पोरींनी काढलेली ही शक्कल असावी. बाहेर कुणी विचारलंच तर मात्र लपवायचं नाही, खणखणीत सांगायचं. तसंही आत काय झाकून राहणार? बाळापूर नमाज पढायची, चिखलदरा रविवारी चर्चला जायची, कारंजा जैन, ती दिवस मावळायच्या आत जेवून मोकळी व्हायची. चांदूरच्या खाटेशी बुद्धाची तसबीर होती. तिच्या घरच्यांनी छप्पन साली दीक्षा घेतली होती.

दुसरी रीत चुलीची. स्वयंपाकाची पाळी भिंतीवर खडूनं लिहिलेली असायची, आणि ताप आल्याशिवाय ती बदलायची नाही. मी काळ्या जमिनीवाल्या कुणब्याची लेक. पहिल्या आठवड्यात चांदूरच्या पाळीला माझा घास तोंडात फिरायचा. खोटं कशाला बोलू? मी आजारी असल्याचं सोंग करून दोनदा उपाशी झोपले. तिसऱ्यांदा भूक जिंकली. पुढे तर मी तिच्या पाळीची वाट बघू लागले, कारण तिच्यासारखं वांग्याचं भरीत बिऱ्हाडात दुसरीला जमत नसे.

तिसरी रीत मागणीची, आणि ती आठवली की आजही मी थक्क होते. सुट्टीवर गेलेली मुलगी कॉलेज सुरू होऊन आठ दिवस झाले तरी परतली नाही, तर समजायचं की घरी तिचं लग्न ठरतंय. मग थोरल्या मुलींपैकी तिघींनी मिळून तिच्या गावी जायचं आणि बापापाशी तिला रीतसर मागायचं. साखरेचा पुडा, नारळ, खण, आणि पत्रिकेच्या जागी तिचे मार्क. म्हणतात की फार पूर्वी कुण्या बापानं चिडून विचारलं होतं, "पोरगी काय तुमच्या घरची सून आहे, न्यायला आलात ते?" पोरी म्हणाल्या, "हो, आहे." तिथून ही रीत सुरू झाली. वीस-बावीस वर्षांच्या मुली, बरोबर ना बाप ना भाऊ, एसटीत बसून परक्या गावात जातात आणि मिशीवाल्या माणसांसमोर सतरंजीवर बसतात, हे मला ऐकूनसुद्धा खरं वाटत नव्हतं.

माझ्या पहिल्याच वर्षी त्या मूर्तिजापूरसाठी गेल्या होत्या. रिकाम्या हातानं आल्या. साखरेचा पुडा तसाच फडताळात पडून राहिला, कुणी त्याला हात लावला नाही. चांदूरनं मूर्तिजापूरचं अंथरूण गुंडाळून ठेवलं.

पुढच्या वर्षी दिवाळीला मी घरी गेले आणि माझीच गत तशी झाली. अकोटकडचं स्थळ चालून आलं होतं, मुलगा शेतीवाडीचा, एकुलता. बाबा म्हणाले, "शिकली तेवढं पुरे." बी.ए. व्हायला अजून दोन वर्षं होती. मी रडले, भांडले, जेवण सोडलं. आई म्हणाली, "जेवन सोडून कोनी बी.ए. होत नसते." मग मी जेवले आणि पुन्हा रडले. बाबा दुष्ट नव्हते हो. उलट गावात त्यांच्या शब्दाला फार मान होता. व्यापारी त्यांच्याशी कागद न करता सौदा करायचे, कारण एकदा तोंडातून गेलं की ते फिरवायचे नाहीत. म्हणून तर मला धास्ती होती, की अकोटवाल्यांना एकदा हो म्हणून बसले की संपलं.

कॉलेज सुरू झालं. मी दिवस मोजत होते. दहाव्या दिवशी दुपारी ओसरीवर कापसाचा ढीग पडलेला, बाबा बंडी घालून बाजेवर बसलेले, आणि फाटकातून तिघी आत आल्या. पुढे चांदूर, मागे बाळापूर आणि चिखलदरा. तिघींच्या अंगावर इस्त्रीचं पातळ. मी दाराआड उभी होते. 

"कोन वं तुमी? काहून आल्या?" बाबांनी विचारलं.

"अमरावतीहून आलो काका," चांदूर म्हणाली. "तुमच्या पोरीले मागाले आलो."

बाबांना वाटलं, कुणाच्या तरी भावाचं स्थळ आहे. ते सावरून बसले. "पोरगा काय करते?"

"पोरगा नाई. आमच्या बिऱ्हाडासाठी मागतो. दोन वर्ष द्या. बी.ए. झाली का तुमची तुमाले वापस आनून देतो."

बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. चांदूर हसली नाही. तिनं साखर, नारळ, खण आणि माझ्या मार्कांचा कागद एकेक करून त्यांच्यासमोर ठेवला, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि ताठ बसली. कुठल्या वरपक्षाकडच्या मोठ्या बाईनं बसावं तशी. बाबांचं हसू हळूहळू ओसरलं.

"सोयरीक म्हनता त घरानं पुसा लागते," ते म्हणाले. "आडनाव काय?"

तिनं सांगितलं. आवाज न पाडता, बाबांच्या डोळ्यांकडे बघत सांगितलं. मग बाळापूरनं सांगितलं, मग चिखलदरानं. आतून आमच्याकडेच राहणारी आत्या "अवं माय!" एवढंच म्हणाली.  बाबांना सुटायची वाट सापडली. नको असलेल्या स्थळाला टोलवायचं ठेवणीतलं वाक्य असतं, ते त्यांनी काढलं. "घर पाह्यल्याबिगर आमी पोरगी देत नसतो."

"मंग कवा येता?" चांदूर ताबडतोब म्हणाली. "येत्या आयतवारी या. जेवालेच या."

बाबा अडकले. "येतो," म्हणाले. आणि ते येतो म्हणाले म्हणजे येणारच होते. तिघींनी चहा घेतला. त्या गेल्यावर त्यांचे तीन कप ओसरीवर तसेच राहिले, आई काही उचलेना. मीच ते विसळून आत इतर कपांत ठेवले. आत्यानं बघितलं, पण माझं तोंड बघून ती काही बोलली नाही.

रविवारी बाबांनी मला बरोबर घेतलं, पण ट्रंक घेऊ दिली नाही. "संध्याकायच्या गाडीनं वापस याचं हाय," म्हणाले. म्हणजे घर बघायचं, शब्द पाळायचा आणि काहीतरी खोट काढून मला परत आणायचं. एसटीत सगळ्या वाटेनं मी एकच हिशोब करत होते, की खोट कुठं निघेल.

बिऱ्हाडाच्या दाराशी रांगोळी होती. व्याह्याला द्यावं तसं पाय धुवायला पाणी ठेवलं होतं. बाई स्वतः सामोऱ्या आल्या. बाबा मागच्या विहिरीकडे वळताच मी स्वयंपाकघरात पळाले. आत पुरण शिजल्याचा वास होता आणि चुलीपुढे चांदूर पोळ्या लाटत बसली होती. मी भिंतीकडे पाहिलं. रविवार तिचाच होता.

मी म्हटलं, "आज पाळी बदलू या. कारंजाला बसवा."

 कारंजा ताटं पुसत होती, तिचा हात थांबला.

"पाळी बदलत नसते," चांदूर म्हणाली.

"अगं, माझा जीव टांगणीला लागलाय इथं! एका दिवसानं काय होणार आहे?"

तिनं माझ्याकडे एकदा नीट पाहिलं, पोळी तव्यावर टाकली आणि म्हणाली, "पानी भरून ठेव."

बाबांनी घर मनापासून पाहिलं. दारांच्या कड्या हलवून बघितल्या, विहिरीचा कठडा चाचपला, रात्री दार किती वाजता लागतं ते बाईंना विचारलं. त्यांना खोट सापडत नव्हती. चेहऱ्यावरून मला ते कळत होतं. मग पाट मांडला. पुरणाची पोळी, कटाची आमटी, भजी, वाटीत तूप. बाबा पाटावर बसले. ताटाकडे बघितलं. मग वर बघून सहज विचारल्यासारखं विचारलं, "सयपाक कोनं केला?"

दाराशी साऱ्याजणी उभ्या होत्या. 

"मी केला काका," चांदूर म्हणाली.

बाबांचा हात मांडीवरच राहिला. मला वाटलं, आता उठतील. पण माणूस तोंडावर अपमान करणारा नव्हता. ते हसले, दोन्ही हात जोडले आणि गोड आवाजात म्हणाले, "राग मानू नको पोरी. लेकीच्या सासरी बाप जेवत नसते. तिले लेकरू होयेस्तोवर पानीबी घेत नसते. आमच्यात रीत हाय तशी."

आमच्यात ही रीत होती, खोटं नव्हतं. पण ती त्या घडीला का आठवली, हे त्या घरातल्या प्रत्येकीला समजलं. बाळापूरची मान खाली गेली. मला भुईनं पोटात घ्यावं असं झालं. चांदूरच्या कपाळावरची शीर तेवढी उडत होती.  आणि मग तितक्याच गोड आवाजात तिनं विचारलं, "मंग हे तिचं सासर झालं म्हना, काका?"

बाबांचे जोडलेले हात तसेच राहिले.

"सासर मानलं म्हनून त जेवत नाई तुमी. नाई मानलं त जेवा. ताट वाढलेलंच हाय."

असं कोंडीत धरलेलं बाबांना मी आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं, ना बाजारात, ना पंचांत. त्यांनी ताटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं. बाई छताकडे बघत होत्या. मला वाटतं त्यांना हसू आवरत नव्हतं. शेवटी बाबांनी हात खाली घेतले. "मानलं," ते म्हणाले. "दोन वर्ष. ट्रंक पाठवून देतो."

मी त्यांना एसटी स्टँडवर सोडायला गेले. पहाटेपासून त्यांच्या पोटात काही नव्हतं. त्यांनी चार केळी घेतली आणि उभ्याउभ्याच खाल्ली. "लय हुशार हाय ते पोरगी," एवढंच म्हणाले. गाडी हलल्यावर मी जवळजवळ धावतच बिऱ्हाडात आले. मला दोन वर्षं मिळाली होती. रस्त्यानं ओरडत सुटावंसं वाटत होतं.

इतरजणी जेवून पांगल्या होत्या. चांदूर एकटीच स्वयंपाकघरात बसली होती. तिच्यापुढे बाबांसाठी वाढलेलं ते ताट होतं आणि शेजारी माझं. ती माझ्यासाठी थांबली होती. तिला पाहिलं आणि माझा आनंद मावळला. त्या पोरीनं सगळ्यांसमोर झालेला अपमान गिळला होता, आणि गिळता गिळता त्यातूनच मला सोडवलं होतं. एवढ्याशा वेळात एवढं मोठं मन आणि एवढं डोकं मला कधी दाखवता आलं असतं? बाबांवर मात्र मी संतापले होते. मी तिच्यापुढे बसले आणि म्हटलं, "बाबांच्या वतीनं मी तुझी माफी मागते. त्यांनी तुझ्या हातचं नाकारायला नको होतं."

ती पोळीचा तुकडा मोडत होती. वर न बघताच म्हणाली, "तुह्या बाबाचं मले काई वाटलं नाई. त्यायनं मले दोनदाच पाह्यलं. तू त दीड वर्षापासून माह्या हातचं खाऊन राहिली, अन् पाळी बदला म्हनाले तूच आली."

  पोळीवर तूप सोडून तिनं ती माझ्या ताटात वाढली आणि म्हणाली, "जेव आता."