अंकुशमामाची उंची

अंकुशमामा मान हलवून कधी 'हो' म्हणत नसे. 'नाही'सुद्धा म्हणत नसे. होकार असला की पापण्या मिटायचा, नकार असला की ओठ. मान खांबासारखी ताठ. नवख्या पाहुण्यांना वाटायचं, माणूस गर्विष्ठ आहे. पण त्या मानेवर अर्धं आयुष्य उसाची मोळी होती. डोक्यावर कापडाची चुंबळ, चुंबळीवर मोळी आणि पायाखाली ट्रकला टेकवलेली अरुंद फळी. "मान हलली की मोळी गेली, आन मोळी गेली की मानूस गेला," मामा सांगायचा.

एका सकाळी दवानं ओली झालेली ती फळीच सरकली. मान हलली नव्हती, तरी माणूस गेला. मामा जिवानं वाचला, पण कमरेखालचं अंग कायमचं निकामी झालं. मी तेव्हा शाळेत होते. फळीवर पाय रोवायला दोन आडव्या पट्ट्या ठोकाव्यात, एवढंही कुणाला सुचलं नव्हतं. कारण फळीवरून चढणारा माणूस कारखान्याच्या आणि मुकादमांच्या लेखी माणूस नव्हताच, ट्रक भरायचं साधन होता. हे मी पुढे एका पत्रकात लिहिलं. मामानं ते वाचलं आणि पापण्या मिटल्या.

पत्रकांचं आणि मामाचं नातं जुनं. माझे आईवडील ऊसतोड कामगारांच्या संघटनेत. चौसाळ्याजवळच्या आमच्या घरात भाकरीच्या पिठाआधी पत्रकांचे गठ्ठे येत. चाकाच्या खुर्चीच्या हातांवर पाट आडवा टाकून मामा घड्या घालत बसायचा. अंगठ्याचं नख फिरलं की अशी घडी पडायची की कागद पुन्हा वळायचं नाव घेत नसे. मी लिहायला लागल्यावर म्हणाला, "तुझं शबूद लई तापत्यात गं. घडी घालताना बोट भाजतंय."

पडण्याआधी तो भलता उंच होता. दारातून वाकून आत यायचा. मी शाळेला निघाले की वरून माझ्या डोक्याकडं बघायचा आणि टपली मारायचा. "भांग वाकडा हाय. चौसाळ्याची जीपबी ह्याच्यापक्षा सरळ चालती." मी चिडायचे, पुन्हा फणी घ्यायचे. तो खुर्चीत बसला आणि ती चेष्टा थांबली. मला वाटलं, त्याची हौसच मेली.

हौस मेली नव्हती. ते मला एका मावसबहिणीच्या लग्नात कळलं. आमच्याकडे मंगलाष्टकं सुरू व्हायच्या आत लाऊडस्पीकरवर पुकारा होतो: "मुलीचे मामा, मुलीच्या पाठीमागं उभे राहा." मामा उभा राहिल्याशिवाय लग्न लागत नाही. पुकारा झाला आणि मामाचे हात चाकांवर गेले. तेवढ्यात भावकीतला कुणीतरी म्हणाला, "आरं, अंकुश कसा उभा ऱ्हाईल? चुलत मामा हाय की, त्याला बोलवा." चुलत मामा उभा राहिला. अक्षता पडल्या. मामानं खुर्ची वळवून मांडवाकडं पाठ केली होती. त्यानंतर तो कुणाच्याही लग्नाला गेला नाही.

माझं लग्न ठरलं तेव्हा मी घरात जाहीर केलं: मुहूर्त नाही, मानपान नाही, भटजी नाही. मी आणि मिलिंद बीडला नोंदणी करणार. आईवडिलांना आनंद झाला. मामा पत्रकाची घडी घालत होता.

"तुझ्या त्या हापिसात मामाची जागा कुठं असती गं?"

"साक्षीदार म्हणून सही कर की मामा."

"सही तर बसूनबी होती," तो म्हणाला आणि पुढचं पत्रक घेतलं.



त्याच हिवाळ्यात बीडच्या एका फिजिओथेरपी केंद्रात ते यंत्र आलं. पुण्याची एक कंपनी चाचणीसाठी ठेवून जाणार होती. कंबर, मांड्या, पोटऱ्या यांना पट्ट्यांनी बांधायचा सांगाडा. कमरेच्या आणि गुडघ्याच्या सांध्यांना मोटारी, पाठीवर बॅटरी. हातात कुबड्या घेऊन अंगाचा झोक पुढं दिला की यंत्र तो ओळखतं आणि पाऊल टाकतं. केंद्रातल्या शबाना मॅडमनी मामाची हाडं तपासून घेतली आणि त्याला त्यात बांधलं. घुर्र आवाज झाला. मामा उभा राहिला. मामीनं पदर तोंडाशी धरला.

"आजवर मुकादमांनी शिव्या घालून उठवलं," मामा वरून म्हणाला. "ह्यो पयला मुकादम, कडंवर घेऊन उठवतो." तेव्हापासून यंत्राचं नाव मुकादम पडलं.

पण मुकादम पुढं जाईना. मॅडम सांगत, "मामा, झोक द्या." मामाची मान, पाठ ताठ ती ताठच.

"झोक गेला की मोळी जाती, म्याडम."

"मामा, डोक्यावर मोळी नाहीये!"

"मला म्हाईतंय हो. मानंला कोन सांगनार?"

दिवसामागून दिवस तो नुसता उभा राही, घामाघूम होऊन बसे. मॅडमनी आरसा लावून बघितला, पाठीला हात देऊन बघितलं. शेवटी मामीनं घरून पिशवीत काहीतरी आणलं आणि कुणालाही न विचारता मामाच्या डोक्यावर ठेवलं. खुंटीवरची जुनी चुंबळ होती ती.

मामानं कुबड्या घट्ट धरल्या. मग मान तशीच ताठ ठेवून त्याचं सगळं अंग पायापासून पुढं कललं, फळी चढताना कलायचं तसं. घुर्र. उजवा पाय उचलला गेला. मॅडम हसायला लागल्या. "मामी, हे आधी का नाही आणलंत?"

"मला कावून इचारता?" मामी म्हणाली. "आधी मला कुनी इचारलं का?"

मी कंपनीच्या इंजिनिअरला गाठलं. लग्नापुरतं यंत्र गावाकडं न्यायचं होतं. तो म्हणाला, केंद्राबाहेर परवानगी नाही, खडबडीत जमिनीवर ते चालतही नाही. मी भडकले. "गुळगुळीत फरशीवरच चालणार असेल तर ते आमच्यासाठी बनवलेलंच नाही!" तो पोरगा प्रामाणिक होता. म्हणाला, "खरं आहे ताई. अजून नाही बनलं."

परतीच्या जीपमध्ये मला सुचलं. मुहूर्त नाही, मांडव नाही, मग लग्न कुठंही लागू शकतं. यंत्र लग्नाला येत नाही, तर लग्न यंत्राकडं जाईल. मामाला सांगितलं. त्यानं पापण्या मिटल्या आणि बराच वेळ उघडल्या नाहीत.

केंद्राच्या व्यायामाच्या हॉलमध्ये, जेवणाच्या सुट्टीत आमचं लग्न लागलं. सरकारी नोंद नंतर केली. वऱ्हाडी म्हणजे पाय प्लास्टरमध्ये असलेले, खांदा आखडलेले पेशंट. आमच्या शपथा आम्हीच लिहिल्या होत्या. अक्षतांऐवजी फुलांच्या पाकळ्या. "आगं, दोन दानं तरी असू दे तांदळाचं," मामानं घासाघीस करून बघितली. मी ऐकलं नाही. फेटा मात्र त्यानं बांधून घेतलाच. "चुंबळीच्या जागी कायतरी पायजे," म्हणाला.

लाऊडस्पीकर नव्हता. मामीच मोठ्यानं ओरडली, "मुलीचे मामा, मुलीच्या पाठीमागं उभे राहा!"

घुर्र, घुर्र करत तो भिंतीपासून निघाला आणि माझ्या मागं येऊन थांबला. "हाय, उभा हाय!" त्यानं सगळ्या हॉलला ऐकवलं.

बसलेल्या माणसाची उंची घरातलं कुणीच लक्षात ठेवत नाही. मी शपथ वाचत होते आणि त्याचा श्वास माझ्या कानाशी येत नव्हता, पार डोक्यावरून येत होता. तेव्हा मला आठवलं, हा एवढा उंच होता. आणि मग वरून हळूच आवाज आला, फक्त मला ऐकू येईल असा.

"भांग वाकडाच हाय गं अजून."

मी शपथेतली एक ओळ गाळली. मिलिंदच्या ते लक्षात आलं नाही.

चाचणी संपली. यंत्र खोक्यात घालून पुण्याला गेलं. मामा त्या खोक्याला म्हणाला, "जा मुकादमा. पुन्हा टोळी भरशील तवा आधी माजं नाव घे." नंतर तो खुर्चीतून रस्त्याकडं बघत बसायचा. कुणाची गाडी आली की विचारायचा, "पुन्याची हाय का?" पुढच्या पावसाळ्यात बसून बसून झालेली जखम चिघळली आणि त्यातच तो गेला. त्याला आडवं ठेवलं तेव्हा चटई पुरली नाही.

आता प्रत्येक पत्रकात मी मागणी लिहिते: फळीवरून पडलेल्या माणसाला उभं करणारं यंत्र तालुक्याच्या दवाखान्यात हवं, आमच्या जमिनीवर चालणारं हवं. घड्या मीच घालते. नख फिरवते, पण मामासारखी घडी पडत नाही. कागद पुन्हा उलगडतो.

आणि सकाळी आरशासमोर भांग पाडताना कधी तो चुकून सरळ पडतो. मी तो मोडते, पुन्हा वाकडा पाडते, आणि मग थोडा वेळ मान ताठ धरून तशीच उभी राहते.