नारळ टर्मिनलवरच राहिला: एकटीची मुंबई–गोवा बोट

आमच्या कॉलेजच्या मैत्रिणींचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. नाव ‘गोवा पक्का’. ग्रुप काढला तेव्हा ज्यांची लग्नंही झाली नव्हती त्यांची पोरं आता सहावीच्या क्लासला जातात, गोवा मात्र अजून तिथंच आहे. यंदाही तेच. एकीची सासू पडली, दुसरीचं ऑडिट आलं, तिसरीच्या कुत्र्याला सांभाळायला माणूस मिळेना. कुत्र्याचं ऐकलं आणि माझं डोकंच फिरलं. म्हटलं, बसा तुम्ही कुत्रा सांभाळत, मी चालले! त्याच झटक्यात मुंबई–गोवा–मुंबई क्रूझचं बुकिंग करून टाकलं. शुक्रवारी निघायचं, सोमवारी सकाळी परत. एकटीनं.

बुकिंग करणाऱ्या बायांना आधीच सांगते. एकटीला सवलत वगैरे काही नसते. खोली दोघांची, म्हणून भाडंही जवळजवळ दोघांचं. बिनखिडकीची खोली स्वस्त, बाल्कनीची पगार खाणारी. मी मधली घेतली, मोठी गोल खिडकी असलेली. सगळं धरून खर्च चाळीस हजारांच्या आत बसला. दोन सोन्याच्या रिंगा घ्यायच्या होत्या, त्या राहिल्या. कान काही ओरडले नाहीत.

ओरडली ती आई. खरं तर ओरडली असती तर बरं झालं असतं, तिनं अबोला धरला.

आमचं मूळ गाव देवगडच्या बाजूचं, समुद्राला लागून. आई लहान असताना तिचा थोरला भाऊ मचव्यातून मासेमारीला गेला आणि परत आला नाही. मचवा मिळाला, दादा नाही. तेव्हापासून आई समुद्राला पाठमोरी झाली ती झालीच. अंधेरीत आम्ही चाळीस वर्षं राहतोय. वर्सोव्याची कोळीण दारावर येते, तिच्याशी आई तासभर घासाघीस करते, ताजा बांगडा डोळे बघून ओळखते. पण वर्सोव्याच्या किनाऱ्यावर तिनं कधी पाऊल टाकलं नाही. आम्हा भावंडांना जुहूला नेलं ते बाबांनी, तेही घोट्यापर्यंत पाण्यात. वर येताना पाय पुसून, कारण घरी वाळू सापडली तर प्रलय.

बुकिंगचं सांगितलं तेव्हा आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “माझ्या घरातला कोणय दर्यार जावचा नाय.”

“आई, ती होडी नाही गं. अकरा मजली आहे. आपल्या बिल्डिंगपेक्षा उंच.”

“बिल्डिंग बुडणा नाय,” एवढं बोलली आणि तांदळाचं ताट उचलून आत गेली. नंतर दोन आठवडे माझ्याशी बोलायची ते शेजारच्या परबकाकूंमार्फत. काकू आमच्याकडे टीव्ही बघत बसलेल्या असायच्या आणि आई त्यांना सांगायची, “त्या बायेक सांगा, जेवाण वाढलंय.” मी समोरच उभी. काकू बिचाऱ्या इमानदारीत मान वळवून म्हणायच्या, “मेघा, जेवण वाढलंय गं.” मी सेहेचाळीस वर्षांची, मरोळच्या औषधांच्या कंपनीत माझ्या हाताखाली पंधरा माणसं, आणि घरात ही अवस्था. तरी खरं सांगू? जायचं पक्कं होतं, पण आईनं तोंड फिरवलेलं असताना जाणं जड जात होतं. तिनं एकदा “जा” म्हणावं, एवढंच मला हवं होतं.

शुक्रवारी दुपारी निघाले. आई खिडकीत होती, पण हात हलवला तो परबकाकूंनी. टॅक्सी कोस्टल रोडनं घ्या, पैसे थोडे जास्त जातात पण समुद्र उजव्या हाताला सोबत येतो, आणि सुट्टी घरापासूनच सुरू झाल्यासारखी वाटते. बॅलार्ड पिअरच्या टर्मिनलवर वेळेच्या बरंच आधी पोचा, कारण तिथं रांगच रांग. आणि माझ्यापुढं कोण? अख्खं घाटकोपर! दहा-बारा गुजराती बायकांचा ग्रुप, सगळ्यांचे टी-शर्ट एकाच रंगाचे. त्यांच्या पुढारी भारतीबेन, साठीच्या, आवाज असा की अनाउन्समेंट करणाऱ्याला माइक बंद करावा लागावा.

माझी बॅग स्कॅनरमधून गेली आणि अडकली. स्कॅनरवरच्या मुलीनं विचारलं, “मॅडम, हे गोल काय आहे?”

“गोल? काही नाही.”

“आहे. आणि शेंडी पण आहे.”

बॅग उघडली. माझ्या कपड्यांच्या तळाशी, आईच्या जुन्या सुती पदराच्या तुकड्यात गुंडाळलेला नारळ. शेंडी ठेवून सोललेला. शेंडीला हळद-कुंकू लावलेलं.

आमच्याकडं दर्यावर निघालेल्या माणसानं बोटीतून दर्याला नारळ द्यायचा असतो. सुखरूप आण म्हणून मागणं घालायचं असतं. दोन आठवडे माझ्याशी एक शब्द न बोललेल्या बाईनं कधीतरी गुपचूप माझी बॅग उघडली होती.

“खायच्या वस्तू बोटीवर चालत नाहीत, मॅडम.”

“हा खायचा नाहीये हो! समुद्राला द्यायचा आहे.”

“मग तर मुळीच नाही. बोटीवरून काहीही टाकायला बंदी आहे. दंड होतो.”

मी भांडले. माझं भांडण चांगलं असतं, सोसायटीच्या मीटिंगमध्ये लोक मला पुढं करतात. पण नियम बरोबर होता, हे मलाही कळत होतं. प्रत्येकानं एक नारळ टाकला तर समुद्राची चटणीच होईल. शेवटी त्या मुलीनं नारळाला टॅग बांधला. “सोमवारी उतरल्यावर घेऊन जा,” म्हणाली. आणि मी नारळाशिवाय बोटीत चढले. पहिलं पाऊल ठेवताना मनातल्या मनात दर्याला हात जोडले. मी हे असलं काही मानत नाही, असं दहावीपासून सांगत आलेय. तरी जोडले.

पण बोट! अहो, काय सांगू! आत काचेची लिफ्ट, वर पोहण्याचा तलाव, नाटकाचं थिएटर, जॉगिंगचा ट्रॅक. माझ्या खोलीत दोन खाटा. एकीवर मी आणि दुसरीवर माझी बॅग, तीही पांढऱ्याशुभ्र चादरीवर. आधी लाइफ जॅकेटची तालीम असते, ती चुकवू नका. सगळ्यांना नेमून दिलेल्या जागी उभं करतात. माझ्या शेजारी भारतीबेन, जॅकेट घालून फोटो काढत. मग भोंगा झाला आणि आम्ही सुटलो. गेटवे लहान होत गेला, कुलाब्याच्या इमारती काडेपेट्यांएवढ्या झाल्या, आणि सूर्य समोरच पाण्यात उतरला. मुंबईत जन्म काढला, पण मुंबईला अशी बाहेरून कधी बघितलीच नव्हती. सुंदर आहे हो आपलं शहर! एवढं रोज त्याला शिव्या घालतो आपण.

जेवणाचं घाबरू नका. जैन, गुजराती, पंजाबी, चायनीज, सगळं. एकटीनं टेबलावर बसायची मला धास्ती होती. ताट घेऊन उगाच दोन फेऱ्या मारल्या. तेवढ्यात भारतीबेनचा आवाज आला, “ओ बेन! एकली फिरते काय? इथे बस ना!” झालं. त्या दिवसापासून मी घाटकोपरची.

शनिवारी गोवा. बोट मुरगावच्या बंदराला लागते, तिथून पणजी लांब पडते. टॅक्सीवाले सांगतील ते ऐकून धावू नका, परत यायचं टेन्शन डोक्यावर राहतं. मी जवळ वास्कोतच फिरले. मार्केटजवळच्या एका साध्या खानावळीत माशांची थाळी खाल्ली. सुरमईची तुकडी, तिसऱ्यांचं सुकं, आमसुलाची कढी. झकास! बोटीवरच्या सगळ्या पक्वान्नांच्या वर.

समुद्रात फोनला रेंज नसते, बोटीचं वायफाय महाग. म्हणून रेंज आल्याआल्या घरी फोन लावला. परबकाकू उचलतील असं वाटलं होतं. आईनं उचलला. दोन आठवड्यांनी थेट माझ्याशी पहिला शब्द बोलली.

“नारळ दिलंस?”

“हो” म्हणायला काय जात होतं? कोण बघायला येणार होतं? जिभेवर आलंही होतं. पण पदराच्या तुकड्यात बांधून दिलेल्या गोष्टीबद्दल थाप मारवेना.

“नाही गं आई. काढून घेतला. बोटीवर चालत नाही म्हणाले. ठेवून घेतलाय, परत देणार आहेत.”

पलीकडून फक्त टीव्हीचा आवाज. मग फोन ठेवला गेला. पुन्हा लावला, उचलला नाही. परबकाकूंना लावला तर म्हणाल्या, “देवाकडं बसलीय गं. तू ये बाई लवकर.” आता भर समुद्रातून लवकर कशी येऊ?

रविवारचा सबंध दिवस बोट पाण्यावरच. बाकी लोकांचा दंगा चालला होता, तलावाभोवती डीजे, घाटकोपरकरणींचा गरबा. मी वरच्या डेकवर खुर्ची धरून बसले. समुद्र इतका शांत आणि इतका निळा की राग यावा. तेवढ्यात खाली एक मासेमारीची बोट दिसली. रंगीत झेंडे लावलेली, चार-पाच माणसं. एकानं आमच्याकडं बघून हात हलवला. अकराव्या मजल्यावरून ती बोट चपलेएवढी दिसत होती. तिच्यापेक्षाही लहान मचवा होता दादामामाचा. त्या एवढ्याशा लाकडात माझ्या आईचा भाऊ बसून गेला होता, आणि मी तिला मजले मोजून दाखवत होते. मला रडूच फुटलं.

“अरे, क्या हुआ?” भारतीबेन धापा टाकत आल्या. त्यांना सगळं सांगितलं. नारळ, मामा, फोन, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं, पर्स उघडली आणि डब्यातून थेपला काढून माझ्या हातावर ठेवला.

“हे कसं काय आत आलं?” माझे डोळे पुसायचे राहिले.

“सपाट असते ना. कपड्यामध्ये कळते नाय.”

माझा नारळ पकडला आणि हिचे थेपले पास! मी रडता रडता हसायला लागले. भारतीबेन म्हणाल्या, “तुझी मम्मी रागावली नाय. डरली आहे. तू घरी जा, तिच्यासमोर उभी राहा, बस.” मग ओढत गरब्यात नेलं. मी नाचलेही. वाईट नाचते, पण नाचले.

सोमवारी सकाळी मुंबई. टॅग दाखवून नारळ घेतला आणि थेट अंधेरी. दार आईनंच उघडलं. तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, दोन्ही हातांनी माझे दंड चाचपले, जसा बांगडा बघते तसे.

“इलंस?”

“आले गं.”

आणि मग ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. दादामामा गेला तेव्हाही ती रडली नव्हती, असं मावशी सांगायची. मी तिला तसंच धरून उभी राहिले, पायाशी बॅग, हातात नारळ.

चहा झाल्यावर मी म्हटलं, “संध्याकाळी वर्सोव्याला जाऊन किनाऱ्यावरून देऊन येते.”

“काठावरसून दिलेलो पावणा नाय,” आई म्हणाली. “बोटीतसून देवचो लागता.”

“बरं, मढच्या फेरीत बसते. वर्सोव्याहून पलीकडं जाते ती. मधे गेल्यावर देते.”

मी चपला घालत होते, तर मागून इस्त्रीच्या साडीचा आवाज. आई तयार होऊन उभी. “एकटीच खंय चललंस? मी पण येतंय.”

रिक्षात नारळ तिनं स्वतःच्या मांडीवर धरला होता. वर्सोवा गावात सुकत घातलेल्या बोंबलांमधून वाट काढत आम्ही धक्क्यावर आलो. मढची फेरी म्हणजे चहापेक्षा स्वस्त तिकीट आणि पाच मिनिटांचा प्रवास. मोटरसायकली, भाजीच्या पाट्या, शाळेची पोरं, सगळे एकत्र. पाणी बघून आई थबकली. माझं मनगट असं आवळलं की बांगडी रुतली. मी म्हटलं, “राहू दे आई, परत जाऊ.” तिनं पाय उचलला आणि आत टाकला.

खाडीच्या मधोमध आल्यावर तिनं नारळ माझ्या हातात दिला, माझ्या हाताखाली स्वतःचा हात धरला. दोघींनी मिळून सोडला. आई पाण्याकडं बघून मोठ्यानं म्हणाली, शेजारच्या माणसानं वळून पाहावं इतक्या मोठ्यानं, “माझ्या चेडवाक सुखरूप धाडलंस. आता माझ्या दादाक सांभाळ.”

नारळ बुडाला नाही, डुलत डुलत मागं राहिला. आई तो दिसेनासा होईपर्यंत बघत होती.

आता सल्ला विचाराल तर, बायांनो, एकट्या जरूर जा. सुरक्षित आहे, मजेचं आहे, आणि आपल्या शहराला बाहेरून बघितल्याशिवाय मरू नये. गोव्याचे फोटो मी अजून नीट लावलेले नाहीत, तो पाण्यात उतरणारा सूर्य मात्र आठवतो. पण माझी खरी समुद्रसफर विचाराल तर ती पाच मिनिटांचीच.

परतीच्या फेरीत आई कठड्याशी जागा धरून बसली, वारा खात. मध्येच विचारलं, “तुझ्या त्या मोठ्या बोटीत दुसरी खाट होती मा?”

“होती की. दोघांचं भाडं भरलं ना मी. बॅग झोपली तिच्यावर.”

आईनं माझ्याकडं असं बघितलं की जणू मी दूध उतू घालवलंय.

“मगे पुढच्या येळी फुकट कित्याक घालवतंस ती?”