टपालकाकांची दुपारची गस्त

टपालकाकांना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारणारं गल्लीत आता कुणी उरलेलं नाही. पस्तीस वर्षं टपालाची पिशवी वाहिली, त्यामुळे उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली. एकदा सदऱ्याचं माप घेताना शिंपी म्हणाला, "काका, जरा सरळ उभे राहा." काका म्हणाले, "अरे, हेच माझं सरळ!" अशा माणसावर चोरीचा संशय यावा? पण आला. आणि मी ते सगळं अगदी जवळून बघितलं, म्हणून इत्थंभूत सांगू शकतो.

गेल्या वर्षी आमच्या भागात भरदिवसा घरं फुटू लागली. दहा ते पाच सगळे कामावर, गल्ली सामसूम. मग ठाण्यातल्या हवालदारांनी शाळेच्या एका वर्गात आमची बैठक घेतली. आम्ही म्हातारे त्या लहान बाकांत गुडघे कोंबून बसलेलो. हवालदार म्हणाले, "आम्ही माणसं तीन आणि गल्ल्या चाळीस. तुम्ही सगळे रिकामे..." आमचे चेहरे बघून ते चाचरले. "म्हणजे, अनुभवी! दुपारची गस्त तुम्ही घाला."

प्रत्येकाला दंडावर बांधायला हिरवी पट्टी आणि गळ्यात शिट्टी मिळाली. एक वही काकांच्या ताब्यात आली. कोण अनोळखी दिसलं, कुठलं घर किती दिवस बंद आहे, ते त्यात लिहायचं. सोमवारी आणि गुरुवारी हवालदार काकांच्या ओटीवर बसून वही वाचत, सही करत. बंद घरांवर काका स्वतः एक दिवसाआड चक्कर टाकत. गल्लीचा विश्वास इतका, की काकांच्या भिंतीवर खिळे ठोकून सात घरांच्या किल्ल्या टांगलेल्या. काकी म्हणायच्या, "माझ्या माहेरचा फोटो लावायला भिंत नाही, आणि लोकांच्या किल्ल्यांना बघा कशी जागा मिळते!"

तीन महिने काही झालं नाही. मग नर्सबाईंचं घर फुटलं. दोन आठवड्यांनी छापखानेवाल्याचं. मग अजून दोन. सगळी घरं वहीत लिहिलेली. आणि चोरी नेमकी त्या दिवशी, ज्या दिवशी काकांची चक्कर नाही.

आता बघा, वही वाचणारे दोघंच. एक काका, दुसरे हवालदार. मी धरून बाकीचे गस्तवाले काय ते काकांना तोंडी सांगायचो. वहीला हात लावायची आम्हाला परवानगी नव्हती. काका अंगठा जिभेला लावून पान उलटायचे आणि दुसऱ्याचा अंगठा लागला तर चिडायचे.

हवालदारांचं बोलणं बदललं. आधी आले की "काका, पाय दुखतायत का?" असं विचारायचे. आता उभ्यानेच वही वाचायचे आणि वरून काकांकडे बघायचे.

"मंगळवारी दुपारी कुठे होतात?"

"घरी. झोपलो होतो."

"साक्षीला कोण?"

काकी आतून ओरडल्या, "घोरणं! अख्ख्या गल्लीने ऐकलंय!"

हवालदार हसले नाहीत. म्हणाले, "शनिवारपर्यंत बघतो. नाहीतर पट्टी जमा करा आणि ठाण्यात जबाब द्यायला या."

आणि गल्ली! एका आठवड्यात सातातल्या पाच किल्ल्या गेल्या. कुणी म्हणे कुलूप बदललं, कुणी म्हणे भाऊ राहायला येतोय. नर्सबाईंनी तर कारणसुद्धा दिलं नाही. हात पुढे केला, किल्ली घेतली, गेल्या. काका रिकाम्या खिळ्यांकडे बघत मला म्हणाले, "पस्तीस वर्षं लोकांची पत्रं हाताळली. एक पाकीट कधी उजेडाला धरून बघितलं नाही. आणि आता माझं तोंड बघून बायका पदराखाली पर्स घेतात."

मी म्हणालो, "काका, जाऊ द्या."

"जाऊ द्या कसं? वही दोघंच वाचतो ना? मी चोर नाही, हे मला तरी नक्की माहीत आहे. मग उरलं कोण?"

पोलिसावर संशय! पण मनातल्या मनात मीही हिशेब घातला, आणि उत्तर तेच येत होतं.

काकांनी बेत आखला. वहीत लिहिलं की माझं घर बुधवारपासून शनिवारपर्यंत बंद. आमच्या हिला मी बहिणीकडे धाडली. हवालदारांनी गुरुवारी ती नोंद वाचली, सही केली. शुक्रवारी काकांची चक्कर नव्हती, म्हणजे चोर आलाच तर शुक्रवारी. शुक्रवारी जेवण उरकून आम्ही दोघं मागच्या दाराने माझ्या घरात शिरलो. पुढच्या दाराला बाहेरून कुलूप होतंच. स्वयंपाकघरात पडद्याआड बसलो. काकांच्या हातात लाटणं. मी म्हटलं, "हे कशाला?" तर म्हणाले, "तुझ्या घरात दुसरं काही जड सापडलं नाही."

अडीच वाजले. मागच्या अंगणात, पाण्याच्या टाकीपाशी, पाचोळा वाजला. काकांनी खिडकीच्या फटीतून बघितलं आणि माझ्या दंडाला असा चिमटा काढला की अजून आठवतो. टाकीमागे हवालदार! साध्या कपड्यांत, वाकून, घराकडे डोळे लावून.

"बघ! आला की नाही!" म्हणत काका दार उघडून धावले. या वयात, लाटणं उगारून! हवालदारांनी वळून त्यांचं मनगट पकडलं, काकांनी त्यांची कॉलर.

"सापडलात, काका!"

"मी? तुम्ही सापडलात!"

"नोंद तुमच्या हातची!"

"आणि वाचली कुणी?"

दोघंही दबक्या आवाजात भांडत होते, कारण अख्खी गल्ली गोळा होऊ नये ही दोघांनाही काळजी. मी मध्ये उभा, कुणाला सोडवावं तेच कळेना. तेवढ्यात घराच्या पुढून आवाज आला. कुलूप हलवल्याचा.

हवालदारांनी बोट ओठांवर ठेवलं. आम्ही घराला वळसा घातला. दारात नीटनेटका, इस्त्रीच्या शर्टातला एक माणूस उभा होता. पायाशी शेगडी दुरुस्तीची पेटी. एका हातात लोखंडी पट्टी आणि दुसऱ्या हातात कागदाची एक चिठ्ठी. हवालदारांनी झडप घातली, मी शिट्टी फुंकली, आणि काकांनी लाटणं त्याच्या पेटीवर आपटलं. का, ते त्यांनाही सांगता आलं नाही.

झडतीत खिशातून आणखी चार चिठ्ठ्या निघाल्या. जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीचे नीट कापलेले तुकडे. हवालदारांनी मोठ्याने वाचलं, "मंगळवार, साडेतीन. येऊन गेलो. दार बंद. पुन्हा येईन गुरुवारी."

काकांनी ती चिठ्ठी हातात घेतली आणि ते पायरीवर बसले.

अक्षर त्यांचंच. टपाल वाटताना दार बंद दिसलं की अशी चिठ्ठी फटीत खोचून पुढे जायचं, ही पस्तीस वर्षांची सवय. गस्तीतही हात आपोआप तेच करत होता. घरमालक परत आला की त्याला कळावं, कुणीतरी आपल्या घरावर लक्ष ठेवलंय, एवढाच भाव. माझ्या दाराला आदल्या दिवशी, गुरुवारी, त्यांनी चिठ्ठी खोचली, ती मी डोळ्यांनी बघितली होती आणि मलाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. शेगडीवाला गल्लीतून हिंडायचा, चिठ्ठी वाचायचा. घर बंद आहे आणि पहारा अमुक दिवशी येणार, दोन्ही गोष्टी त्याला घरपोच. मग मधला दिवस धरायचा आणि जाताना चिठ्ठी खिशात.

त्याला गाडीत बसवून, गाडीतली आपली टोपी काखेत मारून हवालदार परत आले. काकांच्या शेजारी पायरीवर बसले. म्हणाले, "तुमच्यावर संशय घेतला. चुकलं माझं."

"मीही घेतला तुमच्यावर."

"ते कॉलर धरलीत तेव्हाच कळलं." मग आवाज खाली आणून म्हणाले, "चिठ्ठ्या कुणाच्या, हे गल्लीला सांगायची काही गरज नाही. चोर सापडला, तुमचं नाव स्वच्छ झालं. विषय संपला."

काकांनी मान हलवली. मला वाटलं, पटलं. पण ते उठले ते थेट नर्सबाईंच्या दारात. आम्ही दोघं मागे. काकांनी घंटी वाजवली, आणि पायातल्या चपला काढून उभे राहिले.

"बाई, चोर सापडला. पण त्याला तुमच्या घराचा रस्ता मीच दाखवला." आणि चिठ्ठीची सगळी हकिगत सांगितली, काही न लपवता.

नर्सबाई दाराची कडी धरून ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "म्हणजे मी किल्ली परत नेली ते बरोबरच केलं."

"अगदी बरोबर केलंत."

बाईंनी दार लावून घेतलं. धाडकन नाही, हळूच, पण लावलं.

हवालदार कुजबुजले, "तीन घरं अजून राहिलीत, काका. नका जाऊ."

काकांनी चपला पायात घातल्या आणि छापखानेवाल्याच्या घराकडे चालू लागले. हवालदार क्षणभर घुटमळले. मग टोपी डोक्यावर ठेवून त्यांच्या मागोमाग निघाले आणि फाटकाशी पोचेपर्यंत त्यांच्या पुढे झाले. त्या दारावरची घंटी हवालदारांनी वाजवली.