बाबुरावांच्या ट्रॅक्टरचं तेल

तेलाचा डबा घेताना लोक किंमत बघतात. बाबुराव उबाळे आधी सील बघतात, मग बूच, मग दुकानदाराचा चेहरा. कल्याणच्या त्या दुकानात त्यांनी तिन्ही गोष्टी पुन्हा पुन्हा बघितल्या, डबा कानाशी धरून हलवला आणि विचारलं, "हे गिअरचं तेल की हायड्रोलिकचं?"

"दोन्हीचं एकच, काका. छोट्या ट्रॅक्टरला गिअरबॉक्स आणि लिफ्ट एकाच तेलावर चालतात."

बाबुरावांच्या मनात पाल चुकचुकली. कामं दोन आणि तेल एकच, म्हणजे कोणीतरी कोणाला तरी बनवतंय. ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्या दगडू मिस्त्रीनेही हेच सांगितलं होतं, म्हणून त्यांनी डबे उचलले. पण दगडू आणि हा दुकानदार एकमेकांना ओळखतात का, हा किडा दिवा गावातल्या घरी पोचेपर्यंत त्यांच्या डोक्यात वळवळत राहिला.

हा संशय काही जन्मजात नव्हता, तो नोकरीने लावला. डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या गेटवर बाबुरावांनी उभी हयात काढली. सुटीचा भोंगा झाला की कामगार रांगेने बाहेर पडायचे आणि बाबुराव एकेकाला पिशवी उघडायला लावायचे. जेवणाच्या डब्याचं झाकणसुद्धा सोडायचे नाहीत. एकदा जनरेटरच्या ड्रममधून डिझेल काढून तेवढंच पाणी भरून ठेवणारा माणूस त्यांनी पकडला. साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. ती थाप बाबुरावांच्या पाठीवर अजून ताजी आहे आणि घरच्यांना ती फार महागात पडली आहे. नीलाताई बाजारातून आल्या की आपणहून पिशवी उघडून दाखवतात. नवऱ्याशी रोज उठून कोण वाद घालणार?

निवृत्त झाल्यावर बाबुरावांनी छोटा ट्रॅक्टर घेतला. दिव्याला नळाचं पाणी येईल तेव्हा येईल, आणि मोठा टँकर गल्लीच्या तोंडाशीच अडकतो. या ट्रॅक्टरच्या मागच्या लिफ्टवर त्यांनी पाण्याची टाकी बसवून घेतली. लिफ्ट वर केली की टाकी उंच होते आणि पाइप लावला की ओट्यावरच्या पिंपात पाणी आपोआप उतरतं. ही अक्कल धाकट्या भावाची, महेंद्रची. ट्रॅक्टर तोच चालवायचा. आईबाप गेले तेव्हा महेंद्र शाळेत होता. नीलाताईंनी त्याला पोटच्या पोरासारखं वाढवलं. आता तो पलीकडच्या गल्लीत संसार थाटून होता, तरी सकाळचा चहा वहिनीच्या हातचाच लागायचा.

सकाळी दोघं भाऊ बोअरवर पाणी भरायला जायचे. महेंद्र टाकीवर चढून पाइप धरायचा. बाबुरावांचा नियम असा, की टाकी वाहायला लागेपर्यंत भरायची. बोअरवाल्याने हात आखडता घेतला तर कळायला नको? तोवर ते सीटमागचं तेलाचं झाकण काढायचे, त्याला जोडलेली तेल मोजायची पट्टी पुसून बघायचे. रात्री कोणी तेल काढलं असलं तर? मग पट्टी हातात तशीच धरून ते बोअरवाल्याकडे टक लावून उभे राहायचे. वरून महेंद्र ओरडायचा, "दादा, झाकण लाव ना." बाबुराव मनात म्हणायचे, याला एवढी कसली घाई?

आणि एक दिवस लिफ्टने दगा दिला. टाकी वर उचलली की हळूहळू आपली आपणच खाली यायला लागली. गिअरबॉक्समधून रडल्यासारखा आवाज येत होता. दगडू मिस्त्रीने तेल बदलावं लागेल म्हणून सांगितलं, तेव्हाच बाबुरावांनी कल्याणहून ते डबे आणले. मग दगडू आला, त्याने ट्रॅक्टर थोडा चालवून तेल गरम करून घेतलं, खाली घमेलं ठेवलं आणि बोल्ट सोडला. बाहेर आलं ते तेलासारखं दिसतच नव्हतं. जास्त दूध पडलेल्या चहासारखं काहीतरी घमेल्यात साठत गेलं.

"पाणी गेलंय आत," दगडू म्हणाला. "मी बदलून देतो, पण पाणी कुठून शिरलं ते बघा हां. नायतर नवीन तेलाची पण हीच वाट लागणार."

बाबुराव घमेल्यात वाकून बघायला लागले. पट्टीवर तेल कधी कमी दिसलं नव्हतं, उलट बोटभर जास्तच. त्यांना जनरेटरचा तो ड्रम आठवला. तेल काढायचं आणि पाणी भरायचं, म्हणजे पट्टीला कळत नाही. आणि 'झाकण लाव, झाकण लाव' म्हणून रोज कोण मागे लागायचं? सगळं कसं चपखल बसलं. काही माणसांना गोष्टी चपखल बसल्या की फार बरं वाटतं, मग त्या खऱ्या असोत वा नसोत.

पाण्यासाठी आलेल्या बायका हंडे घेऊन उभ्या होत्या. त्यांच्यादेखत बाबुराव खांद्याला पिशवी लावून उभ्या असलेल्या भावाला म्हणाले, "महेंद्र, पिशवी उघड."

"काय?"

"पिशवी. उघड म्हणतो ना."

महेंद्रने क्षणभर भावाकडे बघितलं आणि पिशवी उघडून धरली. आत जेवणाचा डबा आणि टॉवेल. बाबुरावांनी डब्याचं झाकण काढून बघितलं, मग टॉवेल नाकाशी नेला. टॉवेलला तेलाचा वास होता. ट्रॅक्टरवाल्याच्या टॉवेलला अत्तराचा वास कुठून येणार? पण बाबुरावांना तेवढं पुरलं.

"कधीपासून चाललंय हे?" त्यांनी विचारलं. "तेल काढून पाणी भरायचं?"

दगडूने मान खाली घालून उगाच पाना पुसायला घेतला. महेंद्रने डब्याला झाकण लावलं, टॉवेलची घडी घालून तो आत ठेवला, ट्रॅक्टरची चावी सीटवर ठेवली. "येतो, दादा," एवढंच म्हणाला आणि गेला.

मग बाबुराव स्टुलावर बसून राहिले आणि डोळ्यांची पापणी न लववता दगडूचं काम बघत राहिले. जुनं तेल थेंब थेंब निथळेपर्यंत दगडू थांबला, आतली जाळी धुतली, फिल्टर नवा घातला. डब्यांची सीलं बाबुरावांनी स्वतःच्या हाताने तोडली. तेल भरून झाल्यावर दगडूने इंजिन चालू करून लिफ्ट काही वेळा वर-खाली केली, परत पट्टी बघितली, कमी पडलं तेवढं ओतलं. टाकी उचलली, तर जागची हलली नाही. चोर गेला आणि लिफ्ट सुधारली, असा बाबुरावांचा हिशोब मिटला.

घरी नीलाताईंना सगळं कळलंच होतं. "महेंद्र चोर?" त्या म्हणाल्या. "आणि ते तेल त्याने नेलं कशाला, डोक्याला चोपडायला?" त्यांनी ताट वाढलं, पण समोर बसल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी बाबुराव स्वतःच ट्रॅक्टर घेऊन बोअरवर गेले. पाइप टाकीच्या तोंडात अडकवला, खाली उतरले आणि नेहमीसारखं तेलाचं झाकण काढलं. आज पट्टी जरा निरखूनच बघायची होती, कारण दगडूनेही कशावरून पूर्ण तेल भरलं? ते पट्टीवर डोळे लावून असतानाच टाकी भरली आणि वाहायला लागली. वर कोणी ओरडायला नव्हतं. टाकीवरून ओघळलेलं पाणी लोखंडी पट्ट्यांवरून सरकत सीटमागे आलं आणि त्याची बारीक धार थेट तेलाच्या उघड्या भोकात उतरली.

बाबुराव पट्टी हातात घेऊन बघत राहिले. टाकी वाहायला लावणारे तेच आणि झाकण उघडं ठेवणारेही तेच. इतके दिवस त्यांची नजर बोअरवाल्यावर होती, भावावर होती, सगळ्या जगावर होती, फक्त या भोकावर नव्हती. त्यांना एवढी लाज वाटली की त्यांनी झाकण लावलं आणि आजूबाजूला कोणी बघितलं नाही ना, तेही बघितलं.

दगडूला परत बोलवावं लागलं. त्याने पुन्हा घमेलं ठेवून तेल बदललं. संध्याकाळी ते महेंद्रच्या घरी गेले. महेंद्र दारात पोरीच्या सायकलची चेन बसवत होता. तो उठला, जय भीम केला, खुर्ची पुढे सरकवली.

"पाणी माझ्यामुळे जात होतं," बाबुराव उभ्याउभ्याच म्हणाले. "झाकण मीच उघडं ठेवायचो."

"माहितीये. म्हणून तर ओरडायचो."

"मग काल बोलला का नाहीस?"

"पिशवी उघड म्हणालास," महेंद्र म्हणाला. "त्याच्यानंतर काय बोलायचं होतं?"

गेटवर कोणाची पिशवी रिकामी निघाली तर बाबुराव 'जा' म्हणायचे. त्यापुढचा शब्द त्यांना कोणी शिकवला नव्हता. शेवटी तो त्यांनी स्वतःच काढला. "चुकलो मी."

महेंद्रने चेन बसवली, पॅडल फिरवून बघितलं. "उद्या येतो कामावर," तो म्हणाला. "लोकांचं पाणी अडलंय."

बाबुराव जवळजवळ धावतच घरी आले. नीलाताईंना म्हणाले, "येतोय तो. उद्या चहात आलं जरा जास्त घाल."

सकाळी महेंद्र अगदी वेळेवर आला आणि ओट्याखालीच उभा राहिला. नीलाताईंनी आतून हाक मारली, "आत ये ना रे, चहा गाळलाय."

"नको वहिनी, घेऊन आलोय." मग तो बाबुरावांकडे वळला. "शेठ, चावी द्या."

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, रागावलेल्या भावाची समजूत घालता येते. गेटवर सगळे बाबुरावांना साहेब म्हणायचे आणि त्यांना ते फार आवडायचं. दादा म्हणणारं माणूस त्यांना एकच होतं. अरे, दादा म्हण, असं त्यांच्या अगदी ओठांवर आलं, पण ते मागायचं कोणत्या तोंडाने? त्यांनी चावी दिली.

ट्रॅक्टर गल्लीच्या टोकाला वळला, तेव्हा नीलाताईंनी महेंद्रच्या कपातला चहा परत पातेल्यात ओतला.